नव्वदची कॅसेट, ऐंशीची सीडी

“काका, दहा मिनिटं बसत नाहीत.”

खर्डी स्टेशनाबाहेरच्या एका छोट्या दुकानात, कॉम्प्युटरच्या पडद्यावरची नजर न काढता तो पोरगा वडिलांना म्हणाला. साल २००४, मे महिना. दुकानात एक कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन आणि दारावर खडूने लिहिलेली पाटी : गाण्यांची सीडी राइट करून मिळेल. वडिलांनी रुमालात गुंडाळून नव्वद मिनिटांची कॅसेट आणली होती. गावच्या सप्ताहातलं एका रात्रीचं भजन कुणीतरी टू-इन-वन मांडीवर घेऊन टेप केलेलं. ए बाजूला गजर आणि रूपाचे अभंग, बी बाजूला गवळण आणि शेवटी भैरवी. पंधराएक वर्षं वाजून वाजून टेप ओढू लागली होती. सीडी झिजत नाही, ती कायमची असते, असं तेव्हा सगळेच सांगत.

“सीडी ऐंशी मिनिटांची असते. तुमची कॅसेट नव्वदची. दोन सीड्या करू का?”

“एका बैठकीचं भजन दोन ठिकाणी कशाला?” वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “भैरवीला हात लावू नकोस. भैरवी झाल्याशिवाय भजन उठत नाही. गवळण काढ.”

त्याने गवळण काढली. ती दहा मिनिटं नेमकी का बसत नव्हती, याचं उत्तर मला फार पुढे मिळालं. ते शोधताना लक्षात आलं, की आवाज साठवायला लागल्यापासून माणूस हाच प्रश्न सोडवतो आहे. भांड्यात मावेल तेवढं ठेवायचं, तर बाहेर काय काढायचं?

आमच्या भागातल्या मूळ गाण्याला असलं माप नव्हतंच. वारल्यांच्या लग्नात धवलेरी गाते. तिच्या गाण्यावाचून लग्न लागत नाही आणि विधी जितका चालेल तितकं तिचं गाणं चालतं. तारप्याचा नाच रात्रभर फिरतो. सप्ताहातला वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. गाणं किती वेळ चालायचं ते काम, विधी आणि गाणाऱ्याचा दम ठरवत असे.

माप आलं तबकडीबरोबर. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेडरिक गेसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. ७८ फेऱ्यांच्या त्या तबकडीच्या एका बाजूवर तीनेक मिनिटं मावत. तास तास रंगणारा ख्याल गवयांनी तीन मिनिटांत आटवला. बालगंधर्वांची नाट्यपदं रंगभूमीवर ‘वन्स मोअर’ घेत वाढत जात, तबकडीवर मात्र तीही याच मापात आली. पुढच्या पिढ्यांनी ती तबकडीवरूनच ऐकली आणि पद म्हणजे एवढंच, अशी त्यांच्या कानांची समजूत झाली.

गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची एक भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली, ती साडेतीन मिनिटांची. यानावरच्या त्या सोनेरी तबकडीत जगभरचं संगीत भरायचं होतं. तेवढी जागा मिळावी म्हणून तिची गती मिनिटाला १६⅔ फेऱ्या इतकी मंद ठेवली गेली. गती कमी केली की जागा वाढते आणि आवाजाची धार उतरते. हा सौदा पत्करल्यावर नव्वदेक मिनिटांचं संगीत तिच्यात मावलं. परग्रहावरच्या श्रोत्यासाठी शास्त्रज्ञांनी मांडलेला हिशेब खर्डीच्या दुकानातल्या हिशेबापेक्षा वेगळा नव्हता. तिथेही नव्वद मिनिटं होती आणि तिथेही भैरवी ठेवलीच गेली.

फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेली कॅसेट आपल्या खेड्यापाड्यांत खऱ्या अर्थाने पोचली ती १९८०च्या दशकात. टी-सिरीजसारख्या कंपन्यांनी ती स्वस्त केली. प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीतं, आनंद शिंद्यांचा पोपट, कोळीगीतं आणि कव्वालीचे सामने म्हशाच्या जत्रेत घोंगड्यांच्या शेजारी विकायला बसले. कॅसेटने आणखी एक मोठी गोष्ट केली. कोरी टेप घालून लाल बटण दाबलं की आपलाच आवाज टेप होऊ लागला. भजनी मंडळं, शाहिरी पार्ट्या, वारीहून आलेला बुवा, ज्यांना कुठल्याही कंपनीने स्टुडिओत बोलावलं नसतं, त्यांचा आवाज पहिल्यांदा साठला तो कॅसेटवर.

तिथेही सौदा होताच. साठची आणि नव्वदची कॅसेट बाहेरून सारखीच दिसते. डबी तेवढीच, मग जास्त टेप मावायची कशी? ती पातळ करून. म्हणून नव्वदची टेप लवकर ताणली जाई आणि मशीनमध्ये गुंतून बसे. पेन्सिल घालून ती सोडवण्याचं कौशल्य घराघरात होतं. पण भजनी मंडळाला नव्वदचीच लागे. एका बाजूच्या पंचेचाळीस मिनिटांत बैठक तुटत नाही.

आता सीडीकडे येऊ. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी १९८० मध्ये तिचे नियम ठरवले आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये ती जपानच्या बाजारात आली. फिलिप्सला तबकडी साडेअकरा सेंटिमीटरची हवी होती. कॅसेटच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर जवळपास तेवढंच भरतं. सोनीच्या आग्रहाने ती बारा सेंटिमीटरची झाली आणि वेळ ठरला ७४ मिनिटं. बीथोव्हनची नववी सिम्फनी एका तबकडीत मावावी म्हणून हे माप घेतलं, अशी गोष्ट सर्वत्र सांगतात. त्या कामात असलेले फिलिप्सचे अभियंते केस इमिंक यांनी मात्र या गोष्टीला फारसं महत्त्व दिलेलं नाही. पुढे तबकडीवरची गोल फिरत जाणारी वाट थोडी दाटीने आखून वेळ ८० मिनिटांवर नेला.

सीडी आवाज साठवते ती आकड्यांत. एका सेकंदात ती आवाजाची उंची ४४,१०० वेळा मोजते. प्रत्येक मोजणीला ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक पायरी लिहून ठेवते. डाव्या कानाची मोजणी वेगळी, उजव्याची वेगळी. ४४,१०० हा विचित्र आकडा आला व्हिडिओ टेपवरून. सुरुवातीला डिजिटल आवाज व्हिडिओच्या फितीवर साठवत. एका ओळीत तीन मोजण्या, २४५ ओळी आणि सेकंदाला ६० चित्रक्षेत्रं यांचा गुणाकार केला की ४४,१०० येतात. माणसाला ऐकू येणारा सर्वांत बारीक आवाज सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांचा. त्याच्या दुपटीहून जास्त मोजण्या घेतल्या की त्यातलं काही सुटत नाही.

या सगळ्याचा गुणाकार सेकंदाला १,७६,४०० बाइट होतो, म्हणजे मिनिटाला एक कोटीच्या वर. वडिलांच्या कॅसेटची नव्वद मिनिटं पिन लावून कॉम्प्युटरमध्ये उतरवायला नव्वद मिनिटंच लागली, आणि उतरल्यावर त्यांनी पंचाण्णव कोटी बाइट जागा घेतली. ऐंशी मिनिटांच्या सीडीवर आवाजाचे पावणेपंच्याऐंशी कोटींच्या आसपास बाइट मावतात. आमची गवळण या फरकात अडकली होती.

त्या काळी सीडी राइट करणाऱ्या प्रत्येकाला एक कोडं पडायचं. कोऱ्या सीडीवर छापलेलं असे ७०० एमबी. ऐंशी मिनिटांच्या गाण्यांच्या फाइली मात्र आठशे एमबीच्या वर भरत. तरी सगळी गाणी बसत! सीडीवर एका सेकंदाचे ७५ तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्यात २,३५२ बाइट असतात. गाणं लिहायचं असेल तर ते सगळेच्या सगळे गाण्याला मिळतात. पत्रं, फोटो किंवा प्रोग्राम लिहायचा असेल तर २,०४८च मिळतात. उरलेले ३०४ बाइट पत्ता आणि चूक दुरुस्त करण्याची जादा व्यवस्था यांत जातात. गाण्यातला एखादा आकडा हरवला तर प्लेअर आजूबाजूच्या आकड्यांवरून अंदाजाने तो भरून काढतो आणि कानाला कळतही नाही. हिशेबाच्या फाइलीतला आकडा असा अंदाजाने भरता येत नाही. म्हणून एकाच तबकडीची दोन मापं.

आणि तरी गाण्याची सीडी अगदी निराधार नसते. तिच्या आकड्यांची वीण अशी घातलेली असते, की वाटेवरचा अडीच मिलिमीटरपर्यंतचा सलग ओरखडा प्लेअर पूर्ण भरून काढू शकतो. सीडी गोल गोल पुसू नये, मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसावी, हे जुने लोक सांगत ते याचसाठी. वाटेला आडवा ओरखडा तिला झेपतो. वाटेच्या दिशेने गेलेला लांब ओरखडा झेपत नाही.

छापील सीडी कारखान्यात साच्यातून निघते. घरी लिहिता येणारी सीडी हे वेगळं तंत्र, ते १९८०च्या दशकाच्या अखेरीस जपानच्या ताइयो युडेन कंपनीने घडवलं. तिच्यात सेंद्रिय रंगाचा एक पातळ थर असतो. लेझरने तो जागोजागी तापवला की तिथून प्रकाश कमी परततो, आणि प्लेअर ती जागा छापील सीडीवरच्या बारीक खड्ड्यासारखीच समजतो. नुकती लिहिलेली सीडी तिरपी धरून उजेडात पाहिली की मधल्या भोकापासून बाहेर पसरत गेलेलं गडद कडं दिसतं. गाणी जेवढी, तेवढं रुंद कडं. वडिलांच्या सीडीवर ते कडं पार काठापर्यंत गेलेलं होतं. तो पोरगा ती त्यांना उजेडात धरून दाखवत म्हणाला, “बघा काका, एक बोटभर जागा सोडली नाही.”

आपल्याकडे २००० नंतर कोऱ्या सीड्या झपाट्याने स्वस्त झाल्या. नोएडाची मोझर बेअर ही कंपनी जगातल्या मोठ्या डिस्क उत्पादकांत गणली जाऊ लागली. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर शंभर शंभर सीड्यांची चळत मिळे. आमच्याकडचे दुकानदार पहाटेची लोकल धरून जात आणि संध्याकाळच्या कसारा लोकलने, भजनाच्या डब्यात टाळांच्या गजरात, मांडीवर चळत घेऊन परत येत. नवीन चित्रपटांची गाणी असल्या दुकानांतून सर्रास भरून मिळत. १९५७च्या कॉपीराइट कायद्याने तो गुन्हाच होता, आणि त्या व्यवहारात गायक-संगीतकारांच्या हाती काही पडलं नाही, हेही इथे लिहिलंच पाहिजे. पण त्याच दुकानांत हळदीची गाणी, बारशाचे पाळणे आणि गावची भजनंही सीडीवर उतरली. ती दुसऱ्या कुणी उतरवली नसती.

लिहिण्याचं काम नाजूक होतं. लेझर चालू झाला की कॉम्प्युटरने आकडे न थांबता पुरवत राहायला हवेत. मध्येच खंड पडला की सीडी वाया. सान्योने २००० च्या सुमारास यावर उपाय काढला. त्यामुळे ड्राइव्ह थांबून जिथल्या तिथून पुढे लिहू लागला. पण वीजच गेली तर? त्या वर्षांत ग्रामीण भागात तासन् तास भारनियमन असे. आमची पहिली सीडी साठाव्या टक्क्याला गेली. पोरग्याने ती दोऱ्यात ओवून दाराला टांगली, दुसरी घातली आणि वेग कमी करून पुन्हा सुरुवात केली. गाण्याची सीडी सावकाश लिहावी, हा त्या धंद्यातला शिरस्ता होता.

आणखी एक बारीक गोष्ट त्याने सांभाळली. सीडीवर गाणी वेगवेगळी लिहिली की दोन गाण्यांच्या मध्ये दोन सेकंदांची शांतता आपोआप पडते. चित्रपटगीतांना ती शोभते. भजनात अभंग संपता संपता गजर उचलला जातो आणि पखवाज थांबत नाही. तिथे दोन सेकंदांची शांतता म्हणजे माळेचा दोरा तुटणं. त्याने ती शून्यावर आणली आणि पूर्ण सीडी एका दमात लिहिली. त्याला कुणी शिकवलं होतं, माहीत नाही. भजन कसं चालतं, हे मात्र त्याला ठाऊक होतं.

मग आला एमपीथ्री. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रँडेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं खपून ही पद्धत घडवली, आणि १९९५ मध्ये तिच्या फाइलींना हे नाव मिळालं. तिचा आधार आपल्या कानाच्या स्वभावात आहे. मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज कानाला ऐकू येत नाही. पखवाजाची थाप पडते त्या क्षणी कुणी कुजबुजलं तर ते कळत नाही. मग जे ऐकूच येणार नाही ते लिहायचं कशाला? सर्वत्र रुळलेल्या १२८ किलोबिटच्या मापात सीडीच्या आवाजाचा अकरावा हिस्सा उरतो. ज्या सीडीवर ऐंशी मिनिटं मावत, तिच्यावर बारा तास मावू लागले. आकाशवाणी पुणे केंद्रावरून १९५५-५६ मध्ये आठवड्याला एक या क्रमाने आलेली गीतरामायणाची ५६ गीतं एका सीडीत बसतील, एवढी ही जागा. ‘दीडशे गाण्यांची सीडी’ हा शब्द शहापूर-मुरबाडच्या प्रत्येक जीपमध्ये पोचला.

या अकराव्या हिश्श्यात गेलं काय? गाणाऱ्याचा आवाज बराच टिकला. तडाखा बसला तो टाळांना. ही पद्धत आवाजाचे छोटे तुकडे करून प्रत्येक तुकड्यात काटकसर करते. टाळाचा आघात क्षणार्धात उसळतो. काटकसरीमुळे झालेली चूक त्या तुकड्यात पसरते आणि आघाताच्या जरा आधीही ऐकू येते. त्यामुळे टाळाची धार जाते. वरच्या पट्टीतलं काही सरळ कापलं जातं. त्यातून जुन्या कॅसेटची खरखर. खरखरीला काही ठराविक आकृती नसते, म्हणून ती लिहायला जागा फार खाते आणि टाळांच्या वाट्याची जागाही घेते. परिणामी टाळ पाण्याखाली वाजल्यासारखे येतात. पॉप गाण्याला जे माप पुरलं, ते टाळ, झांज आणि चिपळ्यांना अपुरं पडलं.

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच झाला. एमपीथ्रीवरून पुन्हा साधी ऑडिओ सीडी केली की फाइल अकरापट मोठी होते, म्हणून दर्जाही परत येतो, असं अनेकांना वाटे. भांडं मोठं झालं तरी सांडलेलं दूध परत येत नाही. गेलेले आकडे गेलेच.

आमच्या घरची सीडी २०१२ च्या सुमारास अडखळू लागली. ‘कायमची’ हा शब्द छापील सीडीसाठी ठीक होता. लिहिलेल्या सीडीचा रंगाचा थर ऊन, दमट हवा आणि उष्णता यांनी फिका पडतो. वरची, नाव लिहितो ती बाजू तर सगळ्यात कच्ची, कारण चकचकीत थर तिच्याच लगेच खाली असतो. आम्ही तिच्यावर बॉलपेनने नाव लिहिलं होतं. तरी भैरवी वाजत होती, तेवढ्यात मी ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. माळ्यावरच्या कॅसेटला तोवर बुरशी धरली होती. टेप ठिकठिकाणी चिकटली होती. गवळण गेली असं धरून चाललो होतो.

ती सापडली चुलतभावाच्या जीपमध्ये. दुकानातल्या त्या पोरग्याने हार्ड डिस्कवरची जागा मोकळी करण्याआधी पूर्ण नव्वद मिनिटांचं एमपीथ्री करून ठेवलं होतं. साडेआठ कोटी बाइट, एवढ्यात सगळी कॅसेट. ते कुणाकुणाच्या दीडशे गाण्यांच्या सीडीवर फिरत राहिलं. जीप तानसाच्या रस्त्याला लागली आणि रूपाच्या अभंगानंतर, ज्या जागी आमची सीडी थेट भैरवीकडे वळते, तिथे वडिलांचा आवाज आला. गवळण त्यांनी स्वतः गायली होती. दहा मिनिटं काढायची वेळ आली तेव्हा त्यांनी स्वतःचंच गाणं काढायला सांगितलं होतं, आणि घरी कुणाला ते बोलले नव्हते.

आवाज जपण्याचं एक काम त्याआधीच आपल्या राज्यात वेगळ्या निष्ठेने झालं होतं. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून महाराष्ट्रभरच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या, एक लाखाहून जास्त. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले आणि सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण झालं. एवढं सगळं ऐंशी मिनिटांच्या सीड्यांवर ठेवायचं म्हटलं तर नव्वद सीड्या लागतील. १२८ च्या एमपीथ्रीत दहा. गाणं जपायचं असेल तर नव्वदचाच हिशेब धरावा लागतो. जात्याची घरघर ही त्या ओवीची साथ आहे, तिला खरखर समजून कापायचं नसतं. २०१७ पासून ‘पारी’ या ऑनलाइन संग्रहाच्या माध्यमातून त्या ओव्या सगळ्यांना ऐकायला मिळू लागल्या.

आज जागेचा प्रश्न उरलेला नाही. नखाएवढ्या १२८ जीबीच्या कार्डात नव्वदच्या शंभराहून जास्त कॅसेट जशाच्या तशा, एकही आकडा न गाळता मावतात. खर्डी, शहापूर, मुरबाडच्या माळ्यांवर अजून कॅसेट आहेत. धवलेरीचे धवले आहेत, हयात नसलेल्या बुवांचे अभंग आहेत. त्या यंदाच्या पावसाआधी खाली काढाव्यात. उतरवताना फाइल वेव्हमध्ये, ४४,१०० आणि १६ बिटच्या मापाने ठेवावी. मोबाइलवर पाठवायला हवं तर त्यावरून एमपीथ्री करावं, पण मूळ पुसू नये. आता सौदा करायची गरज नाही, आणि टेप मात्र वाट बघत नाही.

माझ्याकडे त्या रात्रीच्या भजनाच्या दोन फाइली आहेत. एकीत टाळ खणखणीत आहेत आणि गवळण नाही. दुसरीत गवळण आहे आणि टाळ विरघळलेले आहेत. दोन्ही जोडून एक पूर्ण भजन करता येईल, असं पुष्कळांनी सुचवलं. मी त्या तशाच शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. गवळण ऐकायची असली की दुसरी लावतो, आणि ती संपली की पहिली लावून भैरवी पूर्ण ऐकतो. भैरवी झाल्याशिवाय भजन उठत नाही.